मोटर ट्रॉली थांबली तेव्हा

तुम्ही विचारलंत आणि मी म्हटलं, "आधी बरे व्हा, मग भांडू." आपल्या दोघांचं शेवटचं बोलणं ते. त्यानंतर तुम्ही पाणी मागितलंत, खिडकी लावायला सांगितलीत, पण त्याला काही बोलणं म्हणत नाहीत. प्रश्न तुमचा होता, उत्तर माझ्याकडे तयार होतं, आणि चुलीवर दूध आहे म्हणून मी उठले. न्यूमोनियातून माणसं उठतात, तुमच्यासारखी उन्हातान्हात रापलेली तर हमखास उठतात, असं मी मनाशी धरून चालले होते. दूध उतरवून, गाळून, निववून आणलं तोवर तुमचा डोळा लागला होता. मग तो नीट उघडलाच नाही.

आता मी नागपूरला धंतोलीत, तुमच्या धाकट्या भावाकडे आहे. भाऊजी म्हणतात, पेपरात चार ओळी द्यायला हव्यात. जन्म कुठला, छोट्या लाईनवर रुळांची देखरेख किती वर्षं केली, मागे कोण कोण आहे. 'कर्तव्यदक्ष' हा शब्द त्यांनी दोनदा घातला होता. मी म्हटलं, त्यातला एक काढा. कर्तव्यदक्ष तर उमरेडच्या बंगलीवरचा आपला मोतीही होता, पोस्टमनवर रोज तेवढ्याच निष्ठेने भुंकायचा. भाऊजींना ते आवडलं नाही, पण तुम्ही मिशीत हसला असतात. त्या चार ओळी त्यांच्या त्यांनी द्याव्यात. मला तुमचं उत्तर द्यायचं आहे आणि भांडणही संपवायचं आहे, कारण एकटीने भांडता येत नाही. मी करून पाहिलं.

तुम्ही विचारलं होतंत, "त्या दिवशी मी तो बोल्ट आवळत बसलो नसतो, तं तुझी माय बोलली असती न तुझ्याशी?"

छताकडे बघत विचारलंत. धाप लागत होती, एकेक शब्द वेगळा येत होता. माझ्या छातीत तेव्हाच धस्स व्हायला हवं होतं. पण त्या बोल्टची आपल्या घरात इतकी वर्षं थट्टा चाललेली, की मला तीही थट्टाच वाटली. आता रोज सकाळी उठल्याबरोबर ते वाक्य ऐकू येतं, आणि थट्टेचा त्यात लवलेश नव्हता हे आता कळतं.

तो दिवस मला सगळा सांगू द्या. तुम्ही होतातच म्हणा, पण तुम्ही रुळाकडे बघत होतात. बाकीचं सगळं मी बघत होते.

मार्गशीर्षातली सकाळ. उमरेडचे स्टेशनमास्तर स्वतः बंगलीवर आले. भिवापूरहून तारेने निरोप आला होता, माझी माय अत्यवस्थ आहे, ताबडतोब निघा. तिकडे जाणारी गाडी थेट दुपारी होती. बैलांच्या दमणीने निघावं तर पोचायला संध्याकाळ. मी गाठोडं बांधायला घेतलं, सोडलं, पुन्हा बांधलं. काय घ्यायचं तेच सुचेना.

आणि माय कोण, तर भिवापूरच्या बाजारात मिरचीच्या ढिगामागून जिचा आवाज आधी यायचा आणि मग ती दिसायची, ती. बाप गेल्यावर शेती, गडीमाणसं, मिरचीचा व्यवहार सगळं तिने तोंडाच्या जोरावर रेटलं. तिच्यासमोर दुसऱ्या कोणाला बोलायला जागाच उरत नसे. मी तर जन्मभर तिच्यापुढे 'हो माय' एवढंच बोलले. तुमच्यावर तिचा मोठा राग. "मुका जावई केला वं मी," ती शेजारणींना सांगायची. "याच्या तोंडातून शबद काढाचा म्हंजे विहीर खंदाची." तुमच्या रेल्वेवर तर त्याहून. लाईन तिच्या शेताच्या धुऱ्याला, बांधाला लागूनच, गेलेली, कोणती गाडी कधी जाते ते तिला तोंडपाठ, बायांना जेवायची सुट्टी ती गाडीच्या शिटीवर द्यायची. पण गाडीत पाऊल ठेवलं नाही. "लोखंडाच्या पोटात बसून मानसानं काहून जावं? पाय का भाड्यानं देले?" उमरेडला, लेकीच्या घरी, ती एकदाही आली नाही ती एवढ्याचसाठी.

तुम्ही टोपी हातात घेऊन दारात उभे राहिलात आणि म्हणालात, "चल. मी आज तिकडंच जाऊन राहिलो."

मोटर ट्रॉली कामासाठी असते, घरच्या माणसांनी तीवर बसायचं नाही, हा दंडक तुमचा स्वतःचा. आपली लेक रडून लाल व्हायची तरी तुम्ही तिला शेडमधल्या उभ्या ट्रॉलीवरसुद्धा बसू दिलं नव्हतं. शिवाय त्या दिवशी तुम्ही नागपूरच्या अंगाला जाणार होतात, मला ठाऊक होतं. तुम्ही नियम मोडलात आणि वर खोटंही बोललात, ते माझ्यासाठी, आणि त्याबद्दल मी तुमचे आभार मानले नाहीत. आपल्यात आभार मानायची रीत नव्हती.

ती ट्रॉली म्हणजे चार लोखंडी चाकांवर ठेवलेला मोठा पाटच. पुढे एक बाक, बाकाखाली इंजिन, मागे सखाराम मुकादम आणि ट्रॉली ढकलणाऱ्या त्याच्या खलाश्यांना बसायची फळी, आणि काठीला लाल निशाण. बाजूला कठडा नाही, डोक्यावर छप्पर नाही. मी पदर कमरेला खोचून बाकाची कड दोन्ही हातांनी धरली. खलाश्यांनी ट्रॉली ढकलायला सुरुवात केली, धावू लागले, इंजिन फटफटलं, आणि चालत्या ट्रॉलीवर सगळे मागून चढून बसले. माझ्या तोंडून "अगं माय" निघालं. सखाराम म्हणाला, "भेऊ नका बाई, हे पडत नसते."

गाडीत बसलं की झाडं बाजूने मागे पळतात, एवढंच मला आगगाडीचं ठाऊक. इथे दोन्ही रूळ समोरून सरळ माझ्या पायांखाली शिरत होते. जमीन एका हाताच्या अंतरावर होती. वारा तोंडात शिरत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते रडण्याचं की वाऱ्याचं ते मलाही सांगता आलं नसतं.

मग गाव सरलं आणि लाईन रानात शिरली. सूर्य अगदी समोर होता, नुकता वर आलेला. आणि मला दिसलं, की रातोरात कोळ्यांनी या रुळापासून त्या रुळापर्यंत जाळी विणून ठेवली आहेत. एक नाही, दोन नाही, नजर पोचेल तिथवर. प्रत्येक तंतूवर दव. जणू कोणी सगळ्या लाईनभर मलमल धुऊन वाळत घातली होती आणि आपण ती फाडत चाललो होतो. दोन्ही बाजूंना मातीचे उंच काठ आले तिथे जाळी झुडपापासून झुडपापर्यंत ताणलेली होती. ती आपल्या तोंडावर आली, माझ्या केसांत गुंतली, तुमच्या मिशीला लागली. तुम्ही माशी उडवावी तसा मिशीवरून हात फिरवलात. नजर रुळावरच.

मी थक्क होऊन तुमच्याकडे बघत राहिले. हा माणूस रोज सकाळी यातून जातो आणि संध्याकाळी मी विचारलं, की आज काय झालं, तर म्हणतो, "काही विशेष नाही"! लग्नाला एवढी वर्षं होऊन गेली होती, आणि माझा नवरा रोज कुठे जातो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

फाटकापाशी दोन बाया आणि एक म्हातारबुवा गवताचे भारे घेऊन थांबले होते. "अवं पाय वं पाय, बाई बसून राहिली सायबाच्या फटफटीवर!" एक जण ओरडली. म्हातारबुवांनी चक्क हात जोडले, तुम्हाला की मला की फटफटीला, देव जाणे. मी पदर पुढे ओढला, पण खोटं कशाला बोलू, मान ताठ झाली होती. थोडं पुढे गेल्यावर रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा, कळप लाईनच्या बाजूने आपल्याबरोबर धावू लागला. पुढचा नर एवढा जवळ, की त्याच्या नाकातली वाफ दिसत होती. मी हसले. मोठ्याने हसले. आणि त्याच क्षणी आठवलं, माय तिकडे शेवटचे श्वास घेत असेल आणि मी इथे हसते आहे. मी तोंडावर पदर दाबला. इंजिनाच्या आवाजात तुम्हाला काही ऐकू गेलं नसणार.

नेमका तेव्हाच तुम्ही ब्रेक ओढलात.

"काहून थांबले?"

"जोड बसून राहिला," तुम्ही म्हणालात आणि उतरलात.

मला ना आवाज आला होता ना धक्का जाणवला होता. दोन रूळ जिथे एकमेकांना पट्टीने जोडलेले असतात तिथे चाक केसभर खाली गेलं, आणि ते तुम्हाला बाकावर बसल्या जागी कळलं. पुढे मी तुम्हाला चिडवायची, की सरकारने तुम्हाला नोकरी दिली ती डोक्याकडे बघून नाही, बुडाकडे बघून दिली. पण तेव्हा चिडवायचं भान कोणाला? पट्टीचा एक बोल्ट गळून पडला होता, दुसरे ढिले झाले होते. सखारामने पाना काढला. बोल्ट गंजलेला, पाना सटकत होता. तुम्ही स्वतः गुडघे टेकून बसलात.

"अहो, माझी माय जाऊन राहिली तिकडं!" मी ओरडले. त्याआधी मी तुमच्यावर कधी ओरडले नव्हते. खलाश्यांनी माना खाली घातल्या.

"दुपारची गाडी याच्यावरून जाईन."

"मंग गँगले सांगा न!"

"गँग पुढच्या मैलात रुळाचं काम करून राहिली. थांब जरा."

सखारामला तिथे लाल निशाण घेऊन उभं करायचं होतं आणि आपण पुढे जायचं होतं, हा मुद्दा मला नंतर सुचला आणि मी तो जन्मभर लावून धरला. तुमचं उत्तरही ठरलेलं, "एक माणूस मागं सोडला असता, तं गाडी आल्यावर ट्रॉली रुळावरून उचलाले कोण होतं? तू?" यावर आपला निकाल कधीच लागला नाही. मी अजूनही म्हणते, की मी उचलली असती.

मी गिट्टीवर बसून रडू लागले. थोड्या वेळाने तुम्ही माझ्यापाशी आलात. हात काळे झालेले, ते विजारीला पुसलेत. मला वाटलं काही धीराचं बोलाल. शेवटी तुम्ही म्हणालात, "इकडं ये. रुळाले कान लाव."

मला वाटलं, या माणसाला वेड लागलं. पण तुम्ही स्वतः खाली वाकलात, रुळावरचं दव बाहीने पुसलंत आणि माझ्यासाठी जागा केलीत. मी कान टेकला. लोखंड बर्फासारखं गार. आधी काहीच नाही. मग देवळातली घंटा वाजून गेल्यावर तिच्यात जे उरतं तसं काहीतरी, आवाज म्हणावा तर आवाजही नव्हे. आणि मग त्यातून, फार लांबून, अगदी बारीक, ठण्. थोडं थांबून पुन्हा ठण्.

मी मान वर केली. रान गप्प होतं. कुठे काही वाजत नव्हतं. पुन्हा कान टेकला, तर ठण्.

"पुढच्या गँगचा घण आहे तो," तुम्ही म्हणालात. "इथून दिसत नाही, वाऱ्यावर ऐकू येत नाही. रुळात येते. त्याच्या पुढं भिवापूर."

हे सांगायला मला शब्द कमी पडतात, आणि शब्दांची कमतरता हा आपल्या घरात तुमचा प्रांत होता, माझा नव्हे. माझ्या कानाखालचं हे लोखंड उठून सरळ माझ्या मायच्या शेताच्या धुऱ्यापर्यंत गेलं आहे, मध्ये कुठेही तुटलेलं नाही, हे मला त्या क्षणी अंगात कळलं. उमरेड आणि भिवापूर अशी दोन वेगळी गावं मी आजवर धरून चालले होते. माझं रडणं थांबलं. भीती वाटली, आनंद झाला, देवापुढे वाटतं तसं लहान वाटलं. आपण दोघं रुळाच्या दोन अंगांना वाकलेले, तुमचा कानही लोखंडाला लागलेला, आणि आपले चेहरे इतके जवळ, तेही दिवसाढवळ्या, चार माणसांदेखत! सखाराम पाठ फिरवून उभा होता, भला माणूस.

तुम्ही विचारलंत, "ऐकून राहिली का?" मी नुसती मान हलवली. माझ्याकडून तुम्हाला एवढंच मिळालं.

मग बोल्ट आवळला गेला आणि आपण निघालो. पुढचा पूल आला तेव्हा मी खाली बघितलं. पुलाला तळ नव्हता. दोन लाकडी स्लीपरांच्या मधून थेट खालचं पाणी दिसत होतं, आणि पाण्यात आपली सावली, तीही आपल्याइतक्याच वेगाने पळणारी. मला जराही भीती वाटली नाही. त्या पुलावर मी तुमच्या कोटाची बाही धरली ती भीतीने धरली असं तुम्हाला वाटलं असेल.

पुढे धानाची कापणी झालेली शेतं लागली आणि मग जमिनीवर लाल रंग दिसू लागला. अंगणांत, खळ्यांत मिरची वाळत घातलेली. वाऱ्याबरोबर तिचा झणझणीत वास आला. आधी सखाराम शिंकला, मग सगळे खलाशी एकामागून एक, मग तुम्ही. माहेर आलं हे मला नेहमी नाकाने कळायचं. तुम्ही स्टेशनापर्यंत न जाता मायच्या धुऱ्यापाशीच ट्रॉली थांबवलीत आणि खलाश्यांनी ती रुळावरून खाली उतरवून घेतली. मी धावत सुटले.

दारात शेजारची गंगाबाई उभी होती. "आत्ताच वाचा गेली वं बाई," ती म्हणाली. "सकाळपासून निरा तुझंच नाव घेऊन राहिली होती." आणि मग माझ्या खांद्यावरून मागे तुमच्याकडे बघून म्हणाली, "साहेब, जराक आगुदर आले असते तं बोलली असती."

गंगाबाई वाईट नव्हती. जे झालं ते तिने सांगितलं. मी आत गेले, आणि तुम्ही ते वाक्य घेऊन अंगणात उभे राहिलात.

आत काय झालं ते तुम्हाला ठाऊक नाही. मायच्या खोलीत तुम्ही आला नाहीत. मला वाटलं, जावईपणाचा संकोच. आता वाटतं, तुमची हिंमत झाली नाही.

माय बाजेवर पडली होती. डोळे उघडे, लखलखीत. मी दिसल्याबरोबर तिचे ओठ हलले, पण आवाज निघेना. जन्मभर गाव हलवणारा तो आवाज! तिने पुन्हा जोर केला, कपाळावर घाम आला. मी म्हटलं, "माय, राहू दे वं. मी बोलतो." आणि माझ्यापुढे पेच पडला, की बोलायचं काय? तिच्यापुढे मला बोलायची सवयच नव्हती.

तेवढ्यात तिने हात उचलला आणि माझ्या केसांतून कोळ्याच्या जाळ्याचा तुकडा ओढून काढला. माझ्याकडे बघितलं. हे काय म्हणून विचारत होती. मग मी सांगितलं. सगळं सांगितलं. फटफटी, जाळी, हात जोडणारा म्हातारा, रोही, त्याच्या नाकातली वाफ. मी हातवारे करत होते. मायचे डोळे माझ्या हातांमागे फिरत होते. जन्मात पहिल्यांदा मी बोलत होते आणि ती ऐकत होती, आणि एका लहान पोरीसारखी ऐकत होती. मग मी बोल्टपाशी आले, तुम्ही रूळ पुसलात तिथे आले, आणि तो आवाज सांगता येईना. शेजारी पाण्याचा पितळी गडवा होता. मी तो रिकामा केला, तिच्या कानाशी धरला आणि नखाने हलकेच वाजवला. ठण्.

तिने डोळे मिटले. मी पुन्हा वाजवला. "अस्सा आवाज येते माय रुळातून. तुझ्या धुऱ्यापासून थेट माझ्या घरापर्यंत जाते तो. तुले गाडीत बसाचं काही काम नाही, तू घरी आलीच समज."

आणि मायने बोट उचललं. फार वेळ लागला त्या बोटाला. गडव्यावर आणलं आणि वाजवलं. एकदा. मग माझ्याकडे बघून आणखी एकदा. तिचा चेहरा... मी तिला पंचमीला झोक्यावर पाहिलं नव्हतं, लग्नात पाहिलं नव्हतं, पण तेव्हा ती कशी दिसत असेल ते मला दिसलं. आम्ही दोघी किती वेळ तो गडवा वाजवत होतो कोण जाणे, आळीपाळीने, एकीने वाजवला की दुसरीने. दुपारची गाडी धुऱ्यावरून धडधडत गेली तेव्हा तिने माझा हात दाबला. दिवस कलताना ती गेली.

मी बाहेर आले तेव्हा तुम्ही मिरच्यांच्या कडेला, टोपी हातात धरून, सकाळच्या जागीच उभे होतात. तुम्ही माझं तोंड पाहिलंत. मी रडत होते. तुम्ही काही विचारलं नाहीत आणि मी काही सांगितलं नाही. माय गेली त्या दिवशी मी हसले, थक्क झाले, सुखी झाले, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? मग तेरावा झाला, मग संसार सुरू झाला, आणि मग त्याची थट्टा झाली. तुम्ही जेवायला उशिरा आलात की मी म्हणायची, "बोल्ट आवळत होते का?" लेक सासरहून उशिरा आली तरी तेच, पाहुणे थांबले तरी तेच. लढाईत पेट्रोल मिळेनासं झालं आणि तुमची फटफटी शेडमध्ये गेली, पुन्हा माणसांनी ढकलायची ट्रॉली आली, तेव्हा तर मला आणखीच जोर चढला. तुम्ही प्रत्येक वेळी मिशीत हसायचात. त्या हसण्याआड गंगाबाईचं वाक्य बसलेलं असेल, हे माझ्या ध्यानीमनी आलं नाही. तुमच्या बुडाला रुळातली केसभर खोट कळायची. मला समोरच्या माणसाची कळली नाही. पण हे रडगाणं पुरे. तुम्हाला रडगाणी आवडत नसत.

आता उत्तर ऐका. तुम्ही थांबला नसतात तर माय बोलली असती का? बोलली असती. अलबत बोलली असती. मिरची ओली आहे, पोत्यात भरू नका म्हणाली असती. गड्यांना आणि मुक्या जावयाला नावं ठेवली असती. मी रडत 'हो माय, हो माय' म्हटलं असतं, आणि ती गेली असती. तुम्ही थांबलात म्हणून मला तिला काही देता आलं. लेकीने माहेरी रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणतात. गाठोड्यात मी काय बांधलं होतं ते आज आठवतही नाही. माझ्याजवळ न्यायला होता तो तुम्ही ऐकवलेला आवाज, आणि जी बाई जन्मात रेल्वेत बसली नाही ती तो ऐकत ऐकत गेली.

म्हणून तुम्ही तो प्रश्न सोबत नेऊ नका. मायचं माझ्याशी काहीही बोलायचं राहिलं नव्हतं. राहिलं ते माझं, तुमच्याशी.